‘आ करा’ म्हणणारे तुपे काका

सकाळी सहा पन्नासला तुपे काका आमच्या दाराशी उभे असत. बेल वाजवत नसत, दोनदा खाकरत. मी पाण्याचा पेला आणि चार गोळ्या घेऊन बाहेर येई, त्यांच्यासमोर एकेक गिळे आणि मग ते म्हणत, “आ करा.” खिशातली छोटी बॅटरी लावून ते माझ्या तोंडात पाहत. “जीभ वर. डावा गाल. उजवा गाल. ठीक. बंद करा.” ते ‘बंद करा’ म्हणेपर्यंत तोंड मिटायचं नाही, असा नियम होता.

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे सुभेदार म्हणत. ते दर वेळी दुरुस्ती करत, “हवालदार म्हणून निवृत्त झालो. सुभेदार दोन पायऱ्या वर असतो.” या दुरुस्तीमुळेच मला माणूस आवडला. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मापं तपासतो. सुटा भाग मापात बसत नसेल तर परत पाठवणं हे माझं काम. न चढलेल्या पायऱ्या जो स्वतःच्या नावावर घेत नाही, त्याच्याशी माझं जमतं.

मला क्षय झाला तेव्हा माझं वजन चौसष्टवरून बावन्न किलोवर आलं होतं. औषध चोवीस आठवडे, रोज उपाशीपोटी. सरकारी दवाखान्यातल्या ताई घरी येऊन म्हणाल्या, गोळ्या घेताना समोर थांबून पाहील अशा एका माणसाचं नाव द्या. माझी बायको सुनीता म्हणाली, “मी आहेच की.” तुपे काका तेव्हा वर्तमानपत्र परत करायला आले होते. ते दारातूनच म्हणाले, “घरचं माणूस नको, वहिनी. घरच्याला दया येते. माझं नाव लिहा.”

मला हे थोडं जादा वाटलं. पण चोवीस आठवड्यांत ते एकदाही सहा पन्नासच्या पुढे गेले नाहीत. गुडघे दुखत तेव्हा ते पाच मिनिटं आधी घरून निघत.

एकाहत्तराव्या दिवशी मी चोरी केली. वजन सत्तावन्न झालं होतं, खोकला थांबला होता, पण गोळ्यांनी दुपारपर्यंत मळमळ राही. मी तीन गिळल्या आणि चौथी जिभेखाली ठेवली. “जीभ वर,” काका म्हणाले. मी जीभ जरा कमी वर केली. त्यांनी बॅटरी बंद केली आणि पायरीवर बसले.

“गिळा ती आधी,” ते म्हणाले. मी गिळली. “देशपांडे, मीबी अशीच ठेवली होती.”

मग त्यांनी सांगितलं. ते ईशान्येकडच्या जंगलातल्या कॅम्पमध्ये होते, लग्नाला तीन महिने झालेले, बायको पैठणजवळच्या गावी. कॅम्पात मलेरिया फार. रोज संध्याकाळच्या हजेरीला सगळे रांगेत उभे राहत, गोळी गिळत आणि तोंड उघडून दाखवत.

“कुणीतरी उठवलं, या गोळीनं माणूस कामातून जातो. कळलं ना कशातून? मी तर नवा नवरा. लंगरमागं, कॅम्पाच्या स्वयंपाकघरामागं, जाऊन थुंकायचो.”

“आणि तोंड तपासणारा?”

“साळुंके. लान्सनायक, सिल्लोडकडचा. आख्ख्या कंपनीत आम्ही दोघंच या जिल्ह्याचे. त्याला गोळी दिसायची. म्हणायचा, जाय पुढं. आपला माणूस ना.”

गोळ्या थुंकायला लागल्याच्या अकराव्या दिवशी ताप मेंदूत चढला. स्ट्रेचरवरून फील्ड हॉस्पिटलात नेलं. तीन दिवस त्यांना शुद्ध नव्हती. त्या तीन दिवसांतलं त्यांना एकच आठवत होतं: कुणीतरी पुन्हा पुन्हा सांगतंय की म्हैस व्याली. शुद्धीवर आले तर शेजारी साळुंके बसलेला, हातात गावाकडून आलेलं पत्र. “चौथ्यांदा वाचतोय,” तो म्हणाला होता. “आता तरी ऐक. तुझी म्हैस व्याली.”

“लई हसू आलं, पण हसायला ताकद नव्हती,” काका म्हणाले. “मग डॉक्टरसाहेबांनी विचारलं, रोज गोळी दिली तर याला झालं कसं? मी तोंड उघडायच्या आत साळुंके बोलला, ‘मी नीट बघितलं नाय, साहेब.’ त्याची लान्सनायकाची फीत उतरवली. मला दीड महिना दूध आन् अंडी, त्याला ही शिक्षा. त्याच्या बाहीवर फितीच्या जागचं कापड गडद राहिलं होतं. जेवायला समोर बसला की मला तेवढंच दिसायचं. चार वर्षांनी फीत परत मिळाली. मला त्यावरून एक शब्द कधी बोलला नाय.”

उठताना ते म्हणाले, “काकूला नका सांगू. तिला अजून वाटतं, तिकडचं पाणी बाधलं होतं मला.”

त्यानंतर मी एकही गोळी चुकवली नाही. शेवटच्या आठवड्यात वजन एकसष्ट भरलं. एकशे सदुसष्टाव्या दिवशी बॅटरी खिशात ठेवत काका म्हणाले, “उद्या मी नाय. सिल्लोडला चाललोय. सहा पन्नासला मोबाइलवर या, चेहरा दिसतो त्या फोनवर.”

शेवटच्या दिवशी सुनीतानं मोबाइल धरला. पडद्यावर पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा चष्मा पुसत होता, मागे तुपे काका. “हे साळुंके,” काका म्हणाले. “आज हे बघतील.”

“उजेडाला या, साहेब,” साळुंके म्हणाले. मी गॅलरीत गेलो. चार गोळ्या गिळल्या, आ केला.

“डाव्या अंगाची दाढ किडलीय यांची.”

“दाढ सोड रं. गोळी बघ,” काका म्हणाले.

“जीभ वर घ्या. अजून वर. आता गाल. परत एकदा जीभ घ्या की.”

मी परत घेतली. माझा जबडा दुखू लागला होता. तुपे काका माझ्याकडे बघतच नव्हते. ते साळुंकेंकडे बघत होते. साळुंकेंनी चष्मा काढला आणि माझ्याशी नाही, मागे वळून काकांशी बोलले.

“बघितलं रं. नीट बघितलं.”

काकांनी मान हलवली. मी अजून तोंड उघडं ठेवूनच उभा होतो. ते त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा ते म्हणाले, “बंद करा, देशपांडे.”