विहीणबाईंनी सुचवलेला पिक्चर

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. आणि मध्ये तोंड घालू नका, कारण हे आठवलं की माझं डोकं अजून तापतं. आता ते कुणावर तापतं, हे सगळं ऐकून तुम्हीच ठरवा.

आमच्या तेजसचं लग्न ठरलं. मुलगी ठाण्याची, माजिवड्याला राहते. ऋजुता. हुशार आहे, हसरी आहे. तिची आई नलिनीताई, म्हणजे माझ्या होणाऱ्या विहीणबाई, बोलायला इतक्या मऊ की साखरपुड्याच्या दिवशी मी नवऱ्याला, आमच्या अरुणला म्हटलंसुद्धा, "नशीब लागतं अशी माणसं मिळायला."

साखरपुड्यानंतर काही दिवसांनी त्यांचा फोन आला. "सुनंदाताई, आम्ही मायलेकी काल पिक्चर बघून आलो. आई आणि मुलाचा आहे, नवीनच लागलाय. अहो, त्यातली आई बघताना मला सारखी तुमची आठवण येत होती. ऋजुता पण म्हणाली, अगदी तेजसच्या आई. तुम्ही बघाच."

आता सांगा, असं कुणी म्हटल्यावर माणूस हुरळणार नाही? पिक्चरमधली आई आणि माझ्यासारखी. आमच्या मानपाडा रोडवरच्या बिल्डिंगमध्ये जी भेटेल तिला मी हे सांगितलं. तळमजल्यावरच्या जोशीबाईंना तर दोनदा.

रविवारी अरुणला घेऊन कल्याणच्या मॉलमध्ये गेले. गेले म्हणजे पोचले कशीबशी. शीळ रस्त्यावर मेट्रोचे पत्रे ठोकलेत, त्यात ही ट्रॅफिक. आत शिरलो तेव्हा पिक्चर सुरू झालेला. अंधारात चाचपडत दोन रिकाम्या खुर्च्या मिळाल्या, बसलो.

पडद्यावर आई होती. गाऊनमध्ये. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि मुलगा-सुनेच्या बेडरूमच्या दाराला कान लावून उभी.

मी म्हटलं, ही खलनायिका असेल, खरी आई मागून येईल. कुठली यायला? हीच आई. सुनेच्या पोळीवरचं तूप परत डब्यात निथळवते. मुलगा सुनेशी हसून बोलला की हिच्या छातीत दुखतं. आणि कहर म्हणजे ही बाई त्यांच्याबरोबर हनिमूनला जाते. महाबळेश्वरला. मधल्या सीटवर बसून.

मी अंधारात बसल्या बसल्या उकळत होते. ही बाई बघून त्यांना माझी आठवण आली? ही?

शेवटी सून सासूची बॅग भरते, तिचा हात धरून तिला दाराबाहेर काढते आणि दार लावून घेते. आख्ख्या थिएटरने टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी अरुणही वाजवत होता.

"तू कशाला वाजवतोयस?" मी विचारलं.

"चांगला होता की," तो म्हणाला.

घरी आलो. रात्री स्वयंपाकघरात भांडी अशी आपटली की वरच्या मजल्यावरचे बेल वाजवून विचारून गेले. डोक्यात एकच. साखरपुड्याला मी ऋजुताला काय बरं बोलले होते? हां, तेजसला आमटीत गूळ जास्त लागतो, एवढंच. त्याचं यांनी इतकं मनाला लावून घेतलं? बरं, सांगायचं होतं तर तोंडावर सांगा. पिक्चर दाखवून कसले टोमणे मारता?

मी फोन करणार नव्हतेच. त्यांचाच आला.

"बघितलात का?"

"बघितला."

"रडलात ना?"

"रडू कशाला? राग आला मला."

"येणारच हो. आम्हालाही आला. काय एकेक माणसं असतात."

बघा म्हणजे. माझ्याच तोंडावर. मी आवाज शक्य तितका थंड ठेवून विचारलं, "नलिनीताई, तुम्हाला माझी आठवण नक्की कुठल्या सीनला आली?"

"अहो, सगळीकडेच. पण ती दारात उभी असते ना, तेव्हा फार. ऋजुताने तर माझा हातच दाबला. म्हणाली, हे अगदी त्यांच्या घरचंच आहे."

"मी दारात उभी असते?"

"तेजसच सांगतो ना कौतुकाने. आई रोज दारात उभी असते म्हणून."

तेजस. माझा मुलगा. कौतुकाने.

"आणि तो शेवट," त्या पुढे बोलतच होत्या, "सून तिचा हात धरून तिला बाहेर आणते तो. आम्ही तर उभं राहून टाळ्या वाजवल्या हो."

"उभं राहून?"

"हो. ऋजुता म्हणाली, मी पण असंच करणार."

यावर कुठली आई गप्प बसेल? मी म्हटलं, "नलिनीताई, तुमच्या मुलीने काय करायचं ते तिने खुशाल करावं. पण आमच्या घरात नाही. लग्नाचं आपण जरा थांबवू या." आणि फोन ठेवला.

तेजस ऑफिसमधून आला. त्याला मी बूटही काढू दिले नाहीत.

"मी रोज दारात उभी असते असं सांगतोस तू सासुरवाडीला?"

"असतेस की," तो म्हणाला. "त्यात काय झालं?"

"कुणाच्या दारात?"

"आपल्याच. आई, काय झालंय तुला? मी दमून आलोय यार."

"यार म्हणू नकोस. लग्न थांबवलंय मी."

त्याचा चेहरा उतरला तो उतरलाच. आतल्या खोलीत गेला, जेवलाही नाही. आणि मी, काय सांगू, इतकी चिडलेले की पोराचं ते तोंड बघूनही मागे हटले नाही. उलट अरुणला म्हटलं, "बघ, आत्तापासूनच त्यांच्या बाजूने."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात नलिनीताई आणि ऋजुता. पोरीचे डोळे सुजलेले. नलिनीताईंचा तो मऊ आवाज मात्र माजिवड्यालाच राहिलेला.

"माझ्या मुलीचं काय चुकलं ते सांगा," त्या उभ्यानेच म्हणाल्या. "त्याशिवाय मी इथून हलणार नाही."

"तुमच्या मुलीचं सोडा. गाऊन घालून मुलाच्या हनिमूनला जाणारी बाई तुम्हाला माझ्यासारखी वाटते, त्याचं बोला."

"कोण हनिमूनला गेलं?"

"तुमची ती आई."

"माझी आई?" नलिनीताई कडाडल्या. "आता माझ्या आईपर्यंत पोचलात?"

"पिक्चरमधली हो. महाबळेश्वरला नाही का जात?"

"ती कशाला महाबळेश्वरला जाते? त्या बिचारीने आयुष्यभर भाकऱ्या थापून मुलाला शिकवला. गावाची वेस ओलांडली नाही तिने."

"आणि सुनेचं तूप काढून घेते ते?"

"कसलं तूप? तिच्या घरात तेलाची मारामार."

आमचा आवाज ऐकून तेजस आतून बाहेर आला होता. ऋजुताने डोळे पुसले, मोबाईल काढला, त्यात काहीतरी शोधलं आणि माझ्यापुढे धरला. "काकू, ही आई होती का?"

पोस्टरवर नऊवारीतली एक बाई चुलीपुढे बसलेली. "ही कोण? हिला मी कधी बघितलंच नाही."

तिने दुसरं पोस्टर दाखवलं. गाऊन. किल्ल्या.

"हीच ती बया," मी म्हटलं.

ऋजुताने ओढणी तोंडावर धरली. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय.

तेवढ्यात सोफ्यावरून अरुणचा आवाज आला. "तरी मला वाटलंच. आपलं तिकीट पाच नंबरच्या स्क्रीनचं होतं. आपण चारमध्ये शिरलो."

"तुला माहीत होतं?"

"बसल्यावर लक्षात आलं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलायला तोंड उघडलं, तर तू म्हणालीस, गप्प बस, पिक्चर चालू आहे. मग म्हटलं, हाही बरा दिसतोय."

त्या क्षणी मला पृथ्वीने पोटात घ्यावं असं वाटलं, आणि शक्य असतं तर मी अरुणलाही सोबत नेलं असतं. नऊवारीतली ती आई मुलाची वाट बघत घराच्या दारात उभी असते. सून तिला चुलीपासून उठवून बाहेर आणते ती गावाने केलेल्या सत्काराला. हे सगळं ऋजुताने मला हळूहळू समजावलं, लहान मुलीला समजवावं तसं.

नलिनीताईंचा राग काही उतरेना. आणि खरंच होतं त्यांचं. "म्हणजे मी तुम्हाला तसल्या बाईशी तोलीन असं वाटलं तुम्हाला? आणि एका शब्दाने न विचारता लग्न मोडायला निघालात?"

"चुकलं माझं," मी म्हटलं. लग्नानंतर अरुणला एकदाही न म्हटलेलं वाक्य मी विहीणबाईंना म्हटलं. मग तेजसलाही म्हटलं. तो म्हणाला, "आधी पोहे टाक, कालपासून उपाशी आहे."

पोहे झाले, दोनदा चहा झाला, तेव्हा कुठे त्या निवळल्या. निघताना म्हणाल्या, "आता खरा पिक्चर माझ्यासोबत बघायचा. तिकीट मी बघणार." नाही म्हणायची सोयच नव्हती.

पुढच्या शनिवारी ठाण्याला गेले. आम्ही तिघी. नऊवारीतली आई भाकऱ्या थापते, सोसते आणि सगळ्यांना क्षमा करते. अडीच तास. एकदाही चिडत नाही. दीर जमीन लाटतो, चिडत नाही. मुलगा पत्र पाठवत नाही, चिडत नाही. नलिनीताईंचे दोन रुमाल भिजले. मी खुर्चीत चुळबुळत होते. अगं बाई, एक थोबाडीत तरी दे त्या दिराला.

बाहेर पडताना नलिनीताईंनी माझा हात हातात घेतला. "आता कळलं ना, मला तुमची आठवण का आली?"

मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

लिफ्टमध्ये ऋजुताने हळूच विचारलं, "काकू, खरं सांगा हं. दोन्हींतला कुठला जास्त आवडला?"

विचार करून बोलायची सवय मला लागायची आहे. मी पटकन म्हणाले, "हा चांगलाच आहे गं. पण त्या दुसऱ्या बाईचंही काही अगदीच चुकत नव्हतं. महाबळेश्वरला केवढी थंडी असते. पोराचा स्वेटर कोण भरणार होतं?"

लिफ्ट खाली पोचेपर्यंत ऋजुता मोबाईलवर तेजसला काहीतरी लिहीत होती.

लग्न ठरल्या मुहूर्तावर आहे. हॉल ठरला, साड्या झाल्या, सगळं मला विचारून चाललंय. फक्त लग्नानंतर दोघं फिरायला कुठे जाणार आहेत, ते आख्ख्या घरात मला सोडून सगळ्यांना माहीत आहे.