इटलीतल्या घरांना दारं नसतात

आमच्या ह्यांना डबड्यांचा नाद आहे. डबडी म्हणजे सिनेमाच्या डिस्क. निवृत्त माणूस देवळात जातो, मॉर्निंग वॉकला जातो, गेला बाजार सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतो. आमचे हे परदेशातून जुने सिनेमे मागवतात. तेही साधेसुधे नाहीत. लागले तेव्हा ज्यांच्याकडे कुत्रं फिरकलं नाही आणि नंतर जगातल्या चार वेड्यांनी ज्यांना डोक्यावर घेतलं, असले. पार्सल आलं की दोन दिवस माणूस हरवतो. मी स्वयंपाकघरातून 'अहो' म्हटलं की आतल्या खोलीतून 'आलो' असा आवाज येतो. आवाजच येतो, हे येत नाहीत. तीस वर्षं ऐकतेय.

गेल्या दिवाळीनंतर असंच एक खोकं आलं. इटालियन युद्धपट. बाहेर जाड पुठ्ठ्याचं वेष्टण, आत दोन डिस्क, एक जाडजूड पुस्तिका, पोस्टकार्डं आणि घडी घातलेलं पोस्टर. नाकापेक्षा मोती जड. मूळ निगेटिव्हवरून नव्यानं केलेली प्रत आहे, मोजक्याच काढल्यात, असं हे कौतुकानं सांगत होते आणि मी मेथी निवडत हं हं करत होते. मग त्यांनी ते पोस्टर टेबलावर पसरलं, आणि माझा हात थांबला.

पांढरी भिंत. भिंतीला टेकलेला जखमी सैनिक. त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला दोस्त.

"ह्याच्या घराला दार नाही," मी म्हणाले.

"कुणाच्या?"

"ह्याच्या. हा मरतो आणि मरताना तसं सांगतो. मी पाहिलाय हा सिनेमा. पाच-सहा वेळा पाहिलाय."

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ज्या सिनेमासाठी ह्यांनी वर्षभर वाट पाहिली, तो बायकोनं मिरजगावाजवळच्या एका खेड्यात पाच-सहा वेळा पाहिलाय म्हटल्यावर दुसरं काय होणार!

पण पाहिला होता. आमच्या गावात गणपतीत व्हिडिओ आणायचे. टीव्ही आणि व्हीसीआर नगरहून भाड्यानं यायचा. रात्री लाईटचा भरवसा नसायचा, म्हणून सिनेमा भर दुपारी. शाळेच्या खोलीच्या खिडक्यांना गोधड्या टांगायच्या, दार लावून घ्यायचं आणि आत सगळं गाव घामानं निथळत बसायचं. एका वर्षी व्हिडिओवाल्यानं चुकून ही कॅसेट दिली. वर बॉलपेननं फक्त 'फौजी' लिहिलेलं. लावली तर भाषा कुणाला कळेना. पोरं ओरडायला लागली. तेव्हा आमचे आबा उठले.

आबा म्हणजे माझे वडील. फौजेतून निवृत्त होऊन शेती करत होते. टीव्हीशेजारी छडी घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ही इटलीची मान्सं हायत. मला कळतंय त्यांचं. गप बसा, मी सांगतो." आणि सुरू झाले! कॅप्टन बोलला की आबांचा आवाज जाडा, आचारी बोलला की नाकातला. लोक हसून हसून लोळले. पुढच्या वर्षापासून गावच व्हिडिओवाल्याला बजावायला लागलं, "आबांचा फौजी आन रं." आबांना इटालियनचा ओ की ठो येत नव्हता, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे.

त्या भिंतीपाशी मात्र सगळं बदलायचं. तो जखमी सैनिक बोलायला लागला की आबा छडी खाली ठेवायचे. आवाज बदलायचे नाहीत, स्वतःच्याच आवाजात बोलायचे. दरवर्षी तेच शब्द, एकही इकडचा तिकडे नाही.

"दोस्ता, आमच्या घराला दार न्हाई. तिला म्हनावं, फळी लावून घे आता. माझ्यासाठी उघडं ठिवू नको. कुत्री शिरत्यात."

बायका पदरानं डोळे पुसायच्या. मागून कुणीतरी हमखास विचारायचं, "दार न्हाई, मंग चोर शिरत न्हाईत का वं?" बाकी दहा प्रश्नांना दहा उत्तरं देणारे आबा ह्याला उत्तर द्यायचे नाहीत. त्यानंतरचा सिनेमा मुकाच चालायचा. आबा खोलीच्या बाहेर जाऊन विडी ओढत बसायचे.

मी सहावीत भूगोलाच्या पेपरात लिहिलं होतं, 'इटलीतल्या घरांना दारं नसतात.' बाईंनी पेपर वर्गासमोर वाचून दाखवला. सगळे हसले. मी चिडून रडले, पण बाईंचं खरं मानलं नाही, कारण आबा खोटं बोलणार नाहीत. पुढे मी स्वतः भूगोलाची शिक्षिका झाले, आहात कुठे!

तर त्या रविवारी दुपारी आम्ही सिनेमा लावला. माझ्या आठवणीत त्या चित्रावर पांढऱ्या रेघा होत्या, सगळं पावसात घडल्यासारखं. इथं सैनिकाच्या मिशीतली धूळसुद्धा दिसत होती. भिंत आली. तो बोलायला लागला आणि खाली इंग्रजीत अक्षरं उमटायला लागली.

माझे बूट काढ. पाय सुजलेत. बूट तुला बरोबर येतील, तू घे. त्या कॅप्टनला सांग, तो गाढव आहे.

संपलं. मान टाकली.

"दाराचं कुठाय?" मी विचारलं.

ह्यांनी प्रसंग पुन्हा लावला. मग इंग्रजीत डब केलेला आवाज लावून पाहिला. तिथंही बूटच. दुसऱ्या डिस्कवर कापलेले प्रसंग होते, ते पाहिले. एका म्हाताऱ्या कॅमेरामनची मुलाखत होती, ती ऐकली. शेवटी पुस्तिका उघडून सगळा लेख वाचून काढला. असल्या कामाला आमचे हे वाघ आहेत, हे कबूल करायला पाहिजे. संध्याकाळी चष्मा काढून म्हणाले, "अगं, सिनेमात दार नाही. फळी नाही. बायकोसुद्धा नाही त्याला."

मी पडद्याकडे बघत होते. त्यांनी चित्र तिथंच थांबवलं होतं, ओठ अर्धवट उघडे. आवाज बंद होता आणि मला आबा ऐकू येत होते. ह्या सोफ्याच्या मागे उभे असल्यासारखे, जवळून. आबांना जाऊन बारा वर्षं झालीत. मी खरंच मागे वळून पाहिलं.

आणि तेव्हा सहावीतल्या त्या बाई आठवल्या. पेपर वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "इटली म्हणजे काय शिंगणापूर आहे का गं?"

काखेत कळसा नि गावाला वळसा! शनिशिंगणापूर आमच्याच जिल्ह्यातलं. तिथल्या घरांना दारं नसतात, कुत्र्यामांजरांसाठी फार तर चौकटीत आडवी फळी, हे नगरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मलाही ठाऊक होतंच. पण ते शिंगणापूरचं म्हणून ठाऊक होतं आणि आबांचं वाक्य इटलीचं म्हणून. दोन्ही कधी एकमेकांना भेटलीच नव्हती. शनी अमावस्येला गावातून टेम्पो भरून जायचा, आई जायची, आम्ही जायचो. आबा एकदाही आले नाहीत. "माझं काय काम न्हाई तिथं," एवढंच म्हणायचे.

आमच्या हॉलमध्ये त्यांचा एक फोटो आहे. स्टुडिओतला, मागे रंगवलेलं तळं, पुढे दोन तरुण जवान. एक आबा, दुसरा कोण विचारलं की "गेला" म्हणायचे. ह्यांनी तो भिंतीवरून उतरवला आणि फ्रेमच्या मागचे खिळे उपटले. फोटोच्या पाठीवर आबांच्या अक्षरात चार शब्द होते: 'मिरजगाव आणि शिंगणापूर, भाऊभाऊ.' फौजेत एकमेकांना गावाच्या नावानं हाक मारतात, हे आबाच सांगायचे. त्यांना तिकडं सगळे मिरजगाव म्हणायचे.

मला रडू यायला हवं होतं. राग आला. एवढा राग की मी फोटो पालथा ठेवला. एका माणसानं मरताना बायकोसाठी निरोप दिला आणि आबा, तुम्ही तो अख्ख्या गावाला सांगितलात, दरवर्षी, इटालियन माणसाच्या तोंडून! जिचा होता, तिला सोडून सगळ्यांना. ती जिवंत असली तर? अजून घर उघडंच ठेवून बसली असली तर? त्या रात्री मला झोप लागली नाही आणि सकाळी मी ह्यांना म्हटलं, गाडी काढा.

शिंगणापुरात गाडीपुढे तेलाची बाटली घेऊन एक जण आडवाच आला. "दर्शन नको, तेल नको, बाजूला हो," मी काच खाली करून अशी काही ओरडले की बिचारा दोन पावलं मागे गेला. पूजेच्या एका दुकानात म्हातारे गृहस्थ बसले होते, त्यांना फोटो दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "ह्यो तर आमच्या गल्लीतला मिल्ट्रीवाला. लई वर्सं झाली लढाईत गेला त्याला. बायको हाय की त्याची. लिंबाच्या मागलं घर."

हे बाहेर लिंबाखाली थांबले. मी गेले. आजूबाजूला नवी स्लॅबची घरं, मधे हे जुनं मातीचं. चौकट होती, चौकटीला दार नव्हतं, आणि पडदाही नव्हता. आत खाटेवर पंच्याहत्तरीची एक बाई लसूण सोलत बसली होती. कपाळ मोकळं. खाटेखाली एक तांबडं कुत्रं खुशाल झोपलेलं. आणि कोपऱ्यात भिंतीला उभी टेकवलेली जाड लाकडी फळी. तिच्यावर कोळ्यानं जाळं धरलं होतं.

मी तिच्या हातात फोटो दिला. तिनं एकाच्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्यावर बोट ठेवलं.

"ह्यो आल्ता."

"कोण? हे माझे वडील आहेत, मावशी."

"आल्ता. हे गेल्याचा कागद आला त्याच्या फुडल्या उन्हाळ्यात. मिल्ट्रीच्या कापडात तिथं उभा ऱ्हायला, तू उभी हायस तिथंच. मी आतनं बघत हुते. वाटलं, ह्यो बघून आलाय, ह्यो सांगंल. त्यानं ती फळी बघितली, मला बघितलं, आन तसाच माघारी फिरला. हाक बी मारली न्हाई."

दार असतं तर आबांनी कडी वाजवली असती. कडी वाजवली की आतलं माणूस विचारतं, कोण आहे, आणि मग बोलावंच लागतं. माझा सगळा राग तिथल्या तिथं उतरला आणि त्या जागी इतकं वाईट वाटलं की मी जमिनीवरच बसले.

मी विचारलं, "फळी का नाही लावत?"

"शेवटच्या रजंला आले ते रातचं आले. अंधारात फळीत पाय अडकून पडले आन समदं घर जागं झालं." ती एवढंसं हसली. "जाताना म्हनले, मी यीपर्यंत फळी लावायची न्हाई. न्हाई लावली. आदी कुत्री हाकलायचे, आता तेबी सोडलं."

"पण कागद आला होता ना, मावशी?"

"कागद आला. कुकू पुसलं. लोकं म्हनली तसं समदं केलं." तिनं लसणाची सुपली बाजूला सारली. "पर कागद काय बघून आल्ता व्हय? बघितलेल्या मान्सानं सांगाया नको?"

तीस वर्षं वर्गात बोलले, पण एवढं बोलायला कधी जड गेलं नव्हतं. मी आबांचेच शब्द म्हटले, एकही इकडचा तिकडे न करता. आमच्या घराला दार न्हाई. तिला म्हनावं, फळी लावून घे आता. माझ्यासाठी उघडं ठिवू नको. कुत्री शिरत्यात.

फक्त शेवटच्या दोन शब्दांना तिची मान हलली, ओळखीचं माणूस दिसल्यावर हलते तशी. दुपारचे चार वाजले असतील.

मग ती खाटेवरून उतरली. कुत्र्याला पायानं ढोसून बाहेर घातलं. "मला उचलत न्हाई आता," ती म्हणाली. "तू लाव."

फळी जड होती. जाळं माझ्या हाताला चिकटलं. चौकटीला आतून दोन खाचा होत्या, मातीनं बुजलेल्या, त्या तिनंच नखानं मोकळ्या केल्या. फळी बसली. कमरेएवढं दार बंद झालं. पलीकडे कुत्रं उभं राहून बघत होतं. ती फळीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली आणि बाहेरच्या उन्हाकडे बघत म्हणाली,

"अवं, लावली बघा फळी."

"आलो," लिंबाखालून पुरुषाचा आवाज आला.

आमचे हे. सवयच ती. पण तिच्या हाताखालची फळी थरथरली, आणि पावलं खरंच जवळ यायला लागली.

"येऊ नका," मी आतून म्हणाले. "तिथंच थांबा."