अक्काच्या हातावरचे वळ

भुताखेतांच्या गोष्टी मला कुणी सांगू नयेत. लातूरला फिजिक्सचे क्लासेस घेण्यात माझं आयुष्य गेलं. कुणी अंगारा लावायला आलं तरी ‘ही राख कशाची?’ असं विचारणारा मी. तरीही हे लिहितोय...

भूकंपात माझी मोठी बहीण, अक्का, औसा तालुक्यातल्या तिच्या घराखाली सापडली. ती वाचली. तिच्या कुशीतली पाच वर्षांची लेक, संगू, मात्र गेली. अक्काच्या उजव्या पंजाची पाठ चिरडली होती. डॉक्टरांनी त्याच हाताची, कोपर आणि मनगट यांच्यामधली कातडी रक्तवाहिनीसकट वळवून तिथे बसवली. फ्लॅप म्हणतात त्याला. हात वाचला, पण फ्लॅप पुरीसारखा फुगलेला. आणखी एक ऑपरेशन करून तो पातळ केला असता, तर हात नीट कामाला आला असता. अक्का ऐकेचना.

"संगू हीच कातडी धरून झोपायची. अजून बी धरती. सकाळी वळ असतेत, बघ की!"

डॉक्टर म्हणाले, कातडीबरोबर तिची स्पर्श कळवणारी नसही आलीय, जुन्या स्पर्शाचे भास होणारच. भास मान्य — पण वळ? मला पक्का संशय, ही स्वतःच डाव्या हातानं दाबत असणार. एकदा ते उघड झालं की ऑपरेशनला तयार होईल...

टेस्टच्या पेपरांचं पाकीट चिकटवून आम्ही जोडावर सही करतो. तसंच केलं. संध्याकाळी तिच्या पंजावर, वरून दाबलं तरी वळ उठू नयेत इतका भरपूर कापूस ठेवला, पट्टी सैल गुंडाळली, चिकटपट्टी लावली आणि जोडावर माझी सही ठोकली.

"माझ्यावर पहारा लावलास व्हय रे?" अक्का म्हणाली. लाज वाटली, पण हट्ट सोडला नाही.

सकाळी सही जशीच्या तशी. पट्टी सोडली... फ्लॅपवर चार बारीक बोटांचे ताजे वळ! माझी करंगळीसुद्धा त्यांच्यापेक्षा जाड. घाबरलो, खोटं कशाला बोलू? ऑपरेशन नको म्हणून डॉक्टरांना मीच कळवलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. अक्का माझ्याकडेच असते, डाव्या हातानं सगळं करते. परवा तिनं उजवा हात पुढे केला.

"बघ रे, केवढी झाली."

वळ आता मोठ्या बाईच्या बोटांएवढे आहेत. अक्काच्या स्वतःच्या बोटांएवढेच... म्हणजे संशयाला आता पुरेपूर जागा आहे. पट्टी घरात आहे, पेन खिशात आहे.

मी म्हणालो, "हाव अक्का, लई मोठी झाली."