घाऱ्या डोळ्यांचा शेतकरी

अंबाडीला शाळेच्या मैदानात आमच्या नाटकाचा प्रयोग होता... तोही भर दुपारी. नव्वदीची सुरुवात होती. संध्याकाळी वीज कधी जाईल याचा भरवसा नसायचा, म्हणून दुपारचीच वेळ धरलेली.

मी तेव्हा भिवंडीत लूमच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात कामाला होतो आणि उरलेल्या वेळात हौशी नाटकं करायचो. डोळे घारे, केस भुरे, उन्हात गेलो की नाकावर तांबूस ठिपके. त्यामुळे माझी भूमिका ठरलेली... इंग्रज साहेब. हातात चाबूक आणि तोंडी "टुम लोग हमारा बाट नहीं सुनटा!"

हे रूप आजोबांचं. ते स्कॉटलंडचे. मुंबईच्या एका कापड गिरणीत यंत्रं बसवायला आलेले, आणि सुट्टीच्या दिवशी अंजूरच्या खाडीवर मासे पकडायला यायचे. तिथेच आजी भेटली, लग्न झालं... आणि बाबा रांगत होते तेव्हाच आजोबा तापाने गेले. आजीने बाबांना माहेरीच वाढवलं. नाव ठेवलं दामोदर.

तिच्या नवऱ्याला कुणी इंग्रज म्हटलं की आजी भडकायची. "इंग्रेज न्हाय, कॉट व्हता त्यो!" स्कॉट तिला म्हणता यायचं नाही. लहानपणी मला वाटायचं, आजोबांचा आमच्या लोखंडी कॉटशी काहीतरी संबंध असणार...

बाबा मात्र या विषयावर बोलायचेच नाहीत. ते माझ्याहून गोरे. सगळं आयुष्य अंजूरच्या भातशेतीत गेलं, तरी लोक त्यांना 'गोऱ्या' म्हणूनच हाक मारायचे. माझं एकही नाटक त्यांनी पाहिलं नव्हतं. एकदा आईने आग्रह केला, तेव्हा म्हणाले, "ह्यो चाबूक घेऊन उभा ऱ्हानार, आन मी टाल्या वाजवू?"

आजोबांकडून मला आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे बाहेर भटकायचं वेड. रविवारी तालीम नसली की मी एकतर माहुलीचा गड चढायचो, नाहीतर गळ घेऊन खाडीवर बसायचो. जिताडा क्वचितच लागायचा. पण तासन् तास गप्प बसायची सवय लागली... बूच जरा हललं की लगेच ओढायचं नाही, हे अंगात मुरलं.

तर अंबाडीचं नाटक होतं गोदामांसाठी जमिनी विकल्या जातात त्यावर. त्यातला म्हातारा शेतकरी करणारा आमचा नट प्रयोगाच्या आदल्या दिवशी स्कूटरवरून पडला आणि त्याचा पाय प्लास्टरमध्ये गेला. त्यात साहेब नव्हताच; मी प्रॉम्प्टिंग करायचो, म्हणून सगळं नाटक पाठ. दिग्दर्शक रमाकांतदादांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

आमचा मेकअपवाला सलीम. घरचे चार लूम होते, पण जीव रंगाच्या डब्यांत. तो म्हणाला, "दादा, टेन्शन मत लो. याला असा सावळा करतो, की याची आई पण ओळखणार नाही." आणि खरंच नाही ओळखलं असतं. आरशात मी मलाच ओळखेना.

पहिला प्रवेश छान गेला. पण मंडपाला वर पत्रे, खाली गर्दी... घामाच्या धारा लागल्या. दुसऱ्या प्रवेशात म्हातारा शेतावरून येतो आणि पंच्याने तोंड पुसतो. मी पुसलं... आणि अर्धा चेहरा पंच्यावर आला.

मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, ह्यो त इंग्रेज हाय!"

सगळा मंडप हसायला लागला. बायका पदरात तोंड लपवून हसत होत्या. माझ्या मुलाची भूमिका करणारा पोरगा तर पुतळाच झाला. मला वाटलं, सरळ विंगेत पळून जावं...

पण मी थांबलो. नुसता उभा राहिलो, खाडीवर बसायचो तसा. हसणं ओसरू दिलं. मग पंच्याने उरलेला अर्धा चेहराही पुसून टाकला आणि नाटकात नसलेलं बोललो. "हसा बाबांनो. माज्या बापालापन सगला गाव असाच हसलावता. पन त्यानं पेरलेला भात गोराच उगवला का रं कंदी?"

मग एका म्हाताऱ्याने टाळी वाजवली... आणि नाटक पुढे सरकलं. शेवटपर्यंत कुणी हसलं नाही.

प्रयोग संपल्यावर मी शाळेच्या नळावर तोंड धूत होतो. मागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं तर बाबा! मला चाबूक नाही, हे आईकडून कळल्यावर कुणाला न सांगता आले होते. मागच्या बाकावर बसून सगळं पाहिलं होतं.

"त्या हसन्याचं... लिवलेलं व्हतं का रं नाटकान?"

"नाही बाबा. तेवढं आपलं होतं."

"मी त कंदी बोललो न्हाय तुला."

"आजीने सांगितलं होतं."

बाबांनी पुढे येऊन माझ्या कानामागे राहिलेला रंग अंगठ्याने पुसला आणि म्हणाले, "पुढचा खेल कुठं हाय?"

पुढचा शेलार गावात होता. बाबा पहिल्या रांगेत बसले. तो प्रयोग मी बिनरंगाचा केला. सलीम रुसला, पण दादांनीच तसं सांगितलं होतं.

नंतर मालिकांमध्ये मला साहेबच मिळत गेले. पोटासाठी केले, मन लावून केले. बाबा आता नाहीत. पण मंडपात 'इंग्रेज' म्हणून ओरडणारा तो माणूस कोण होता, हे मला अजून माहीत नाही. भेटला तर त्याचे हात धरून आभार मानेन... तो ओरडला नसता, तर मी ते वाक्य बोललो नसतो आणि बाबाही त्या नळापर्यंत आले नसते.