आप्पांच्या गाठीला मीठ-हळद

आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मानेवर गाठ आली तेव्हा दौंडच्या डॉक्टरांनी ती दोन बोटांनी दाबली आणि टीबी म्हणून मोकळे झाले. तुकडा काढून तपासणं वगैरे काही नाही. सहा महिने आप्पांनी इमानेइतबारे गोळ्या गिळल्या. लघवी लाल झाली, गाठ लिंबाएवढी झाली. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडतंय. कशाला, ते त्यांनाच ठाऊक!

शेवटी मीच भांडून आप्पांना शिरूरच्या सर्जनकडे नेलं. आप्पांची अट एकच, सुरी एकदाच लागेल, पुन्हा नाही. सर्जननं गाठ काढून ती नासू नये म्हणून औषधाच्या बाटलीत घातली आणि बाटली माझ्या हातात दिली. तेव्हा तशीच पद्धत होती, पुण्याच्या लॅबपर्यंतचे हमाल आपणच. शनिवार होता, लॅब सोमवारी उघडणार. म्हणून आई, आप्पा आणि मी मांडवगण फराट्याला मामाकडे थांबलो.

सोमवारी लॅबमधल्या बाईंनी झाकण उघडलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आत औषधाचा थेंब नाही, गाठ पिवळीधमक. यावरून आता काही कळायचं नाही, दुसरा तुकडा आणा, म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परत येऊन आईला विचारलं, तर तिनं भाबडेपणानं सगळं सांगितलं. त्या औषधाच्या उग्र वासानं गाठ नासेल, असं तिला वाटलं. म्हणून रविवारी तिनं ते मोरीत ओतलं, गाठ स्वच्छ धुतली आणि उरलेल्या मटणाला लावतात तशी मीठ-हळद चोळून ठेवली. मी इतकी ओरडले की शेजारचे दारात आले. आईनं आप्पांपुढं हात जोडले. म्हणाली, "माझ्या हातनं तुमचा घात झाला."

आप्पांनी काखेत हात घालून चाचपलं. मग म्हणाले, "काखंत दुसरी हाय न्हवं? मग रडती कशाला? काढू तीबी."

दुसरी बाटली आप्पांनी एसटीत पुण्यापर्यंत स्वतःच्या मांडीवर नेली. रिपोर्ट आला, लिम्फोमा, हॉजकिन प्रकारचा. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, कॅन्सरच आहे, पण यातला हा प्रकार औषधाला दाद देतो, फक्त लवकर यायला हवं होतं. आईनं तेवढं शेवटचंच ऐकलं. सलाइनी सुरू झाल्या, गाठी बसायला लागल्या, तरी तिला घास गोड लागेना. आपल्यापायी पंधरा दिवस गेले, हेच धरून बसली. गोळ्यांचे सहा महिने तिच्या हिशेबातच नव्हते.

मी तो रिपोर्ट दौंडच्या डॉक्टरांच्या टेबलावर आदळला. त्यांनी शांतपणे वाचला. म्हणाले, "म्हणजे टीबी पूर्ण बरा झाला."

घरी आईनं विचारलं, काय म्हणाले? मी धडधडीत खोटं बोलले. सांगितलं, ते म्हणाले, "चूक माझी, तुमच्या आईची नाही."

 आईनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "बिचारे. जेवले तरी असतील का?"