टी-शर्ट अंगाबरोबर केला तेव्हा

मानवतच्या बाहेर एका पेट्रोल पंपावर मला काम लागलं तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. नवऱ्याच्या कमरेचं ऑपरेशन झालं, त्यांचं जीप चालवणं सुटलं, म्हणून मी घराबाहेर पडले. तोवर साडी आणि पंजाबी ड्रेस याशिवाय काही अंगाला लागलं नव्हतं. पंपावर टी-शर्ट सक्तीचा, तोही पुरुषांच्या मापाचा. खांदे दंडावर उतरलेले, बाह्या कोपराखाली, गळा घागरीच्या तोंडाएवढा. ओढणीला परवानगी नव्हती.

मोटारसायकलच्या टाकीवर वाकलं की गळा पुढं लोंबायचा. एका हातात पाइप, दुसरा हात छातीशी. काही गिऱ्हाइकं मीटर सोडून भलतीकडंच बघायची. मी पिन लावून पाहिली, तर ती वाकताना उघडून टोचायची. मॅनेजरला सांगितलं. बायकांच्या मापाचे मागवलेत म्हणाला, आणि दर वेळी तेच म्हणत राहिला.

शेवटी सुट्टीच्या दिवशी मी तो टी-शर्ट उसवायला घेतला. अंगाला नीट बसणारा जुना कुडता त्यावर पसरला, खडूनं खुणा केल्या. खांदे कापून बाह्या वर घेतल्या, दोन्ही बाजू आत घेतल्या. खालची कड कापून निघालेल्या पट्टीनं गळा आवळला. होजिअरीचं कापड मशीनवर ताणायचं, टाके सुटायचे, गळ्याला चुण्या पडायच्या. गळा पुन्हा उसवला आणि हातानंच शिवला.

घालून आरशासमोर उभी राहिले. खांदा खांद्यावर होता, कमर कमरेच्या जागी. मी बरी दिसत होते. किती तरी दिवसांनी असं वाटलं, आणि मी जरा जास्तच वेळ तिथं थांबले.

मागं नवरा उभा होता. "कुणाला दाखवायलीस एवढं?" ते म्हणाले.

आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी म्हणाले, "ढगळा होता तवाबी लोकं बघायचेच. आता वाकताना मला गळा धरावा लागणार न्हाई, एवढंच."

 सकाळी ते माझ्याबरोबर निघाले. कंबर धरून एसटीत चढले आणि पंपासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. माझी पाळी संपेपर्यंत तिथंच. दुसऱ्या दिवशीही तेच. मी कुणाला सुट्टे पैसे देताना हसले, तरी मान आपोआप टपरीकडं वळायची. नव्या टी-शर्टात दोन्ही हात मोकळे झाले होते, पण मोकळं वाटत नव्हतं. पंपावर माझ्या सोबत काम करणाऱ्या बाईनं ते का बसतात विचारलं, तर खोटंच सांगितलं, घरी करमत नाही त्यांना.

एके दिवशी भर उन्हात एका मोटारसायकलवाल्यानं पेट्रोल भरून घेतलं आणि तो माझ्या टी-शर्टाच्या छातीवर छापलेल्या कंपनीच्या चिन्हाकडं बोट करत काहीबाही बोलला. त्याचा मित्र हसला. मी टाकीचं झाकण त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "दादा, मागं लाइन हाय. गाडी पुढं घ्या."  समोर टपरीवरून ते उठले. आता रस्ता ओलांडून येतील आणि माझं काम जाईल, असंच वाटलं. ते उभे राहिले, नुसते बघत राहिले. तोवर मागचा शेतकरी टाकी उघडून पुढं आला होता. मी पाइप उचलला.

पुन्हा पाहिलं तर टपरीवर ते नव्हते.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा भात लावलेला होता. त्या माणसाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला, की आपल्याला उठून जाता आलं नाही याची लाज वाटली, मला आजही कळलेलं नाही. सोबतच्या बाईनं तिचाही टी-शर्ट आणून दिला. तो शिवताना ते शेजारीच बसले होते. म्हणाले, "बाह्या थोड्या लांब ठेव. ऊन लय हाय." कुणाच्या टी-शर्टाबद्दल म्हणाले, तेही मी विचारलं नाही.