सुनेचं शून्य

दर गुरुवारी मी आळेफाट्याच्या एका दवाखान्यात समुपदेशक म्हणून बसते. आलेल्या प्रत्येकाला आधी चिंता मोजायचा फॉर्म द्यायचा, असा तिथला नियम. गेल्या पंधरा दिवसांत छातीत धडधडलं का, झोप उडाली का, काही वाईट घडेल असं वाटलं का. प्रत्येकापुढे शून्य ते तीन. बेरीज करायची, शिक्का मारायचा, कागद हातात द्यायचा. आम्हाला शिकवायला आलेले सर म्हणायचे, "माणूस खोटं बोलेल, फॉर्म बोलणार नाही." जणू फॉर्म स्वतःच स्वतःला भरतो. आणि हे असलं वाक्य मी वहीत लाल शाईने लिहून घेतलं होतं.

पिंपरी पेंढारहून एक सासू-सून आल्या. घरात पूर्वी मेंढरं होती, आता टोमॅटो आणि ऊस. आजारी सून होती. घास गिळत नव्हता, गाईच्या धारा काढताना हात कापायचे. सासू नुसती सोबतीला. पण काउंटरवर दोघींचे केसपेपर निघाले, म्हणून दोघींना फॉर्म. सून बारावी शिकलेली. दोन्ही तिनेच भरले. सासूचा भरताना मी ऐकत होते.

"काही वाईट घडंल असं वाटतं का?"

"रोज वाटतं. उसात बिबट्या हाय, न वाटून कसं चालंल?"

"झोप लागती का?"

"गुडघं झोपू देत्यात व्हय?"

सासूचे गुण अठरा आले, सुनेचे शून्य. सुनेच्या फॉर्मवरच्या खुणा इतक्या वाकड्या होत्या की हात थरथरतोय हे आंधळ्यालाही कळलं असतं. मी बेरीज पाहिली. बेरीज बरोबर होती. सासूला मी समुपदेशनाचे चार गुरुवार दिले आणि सुनेच्या कागदावर 'चिंतेची लक्षणे नाहीत' असं लिहून शिक्का मारला. इतकी हुशार मी.

पुढचे तीन गुरुवार सासू नियमाने आली, गुडघ्यांपासून भावकीपर्यंत सगळं बोलली. सून बाहेर बाकावर बसायची. तिसऱ्या गुरुवारी सासू रक्तदाब मोजायला गेली तेव्हा मी सुनेला आत बोलावून विचारलं, सगळीकडे शून्य का लिहिलंस?

"ताई, फॉर्मात आजार लिवायचा नसतो. विम्याच्या एजंटानं सांगितलंय. आमच्या वस्तीचे समदे फॉर्म मीच भरते. सगळ्यांचं 'नाही'च लिवते."

"मग सासूबाईंचं?"

"त्यांचा विमा आता कुठं निघतोय? त्या बोलल्या तसं लिवलं."

मग तिने पिशवीतून माझ्या शिक्क्याचा तो कागद काढून टेबलावर ठेवला. घड्यांवर मळका झाला होता.

"ह्यो देवाच्या फोटोमागं असतो. आज गुपचूप आणलाय. मला उठवंना झालं की मालक ह्यो काढून वाचत्यात. न्हाई म्हंजे न्हाई, डॉक्टरांनी लिवलंय, ऊठ."

मी काय केलं असेल? नवा फॉर्म काढला. "आता खरं लिही," म्हणाले. आठवलं की अजून स्वतःची किळस येते.

तिने पेनला हात लावला नाही. "आता तीन-तीन लिवलं, तर म्हणतील सासूचं बघून सोंग घेतलं."

तेवढ्यात सासू दारात आली. तिला बघताच सुनेने खुर्ची सोडली. मी तिला परत बसवलं आणि सासूला सांगितलं, तुम्ही जरा बाहेर थांबा, मला हिच्याशी बोलायचंय. हिला बरं नाही.

सासू चिडली नाही, हसलीही नाही. टेबलावरचा तो मळका कागद उचलून तिने माझ्यापुढे धरला.

"हिला काय झालंय, ताई? ह्यो शिक्का तुमचाच हाय न्हवं?"